निवारा केंद्रातला स्वयंसेवक : नियमांमागचा इतिहास

पूर, वादळ किंवा भूकंपानंतर उघडलेल्या निवारा केंद्रात पहिल्यांदा मदतीला जाणाऱ्या माणसाला तासाभरात काही गोष्टी खटकतात. दारातच नाव, पत्ता, फोन नंबर लिहून घेतात, गळ्यात ओळखपत्र अडकवतात आणि बराच वेळ नुसतं बसवून ठेवतात. घरून आणलेले जुने कपडे घेत नाहीत. मुलांच्या खोलीत एकट्याने जाऊ देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत. आत शेकडो माणसं जमिनीवर अंथरुणं टाकून बसलेली असताना हा कागदी कारभार कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या तरी आपत्तीत माणसांनी सोसलेल्या हालांतून आला आहे. मदतीला धावणाऱ्या हातांची वानवा सहसा कधीच नव्हती. त्या हातांना कामाला कसं लावायचं आणि मदत घेणाऱ्याचा मान कसा राखायचा, हे शिकायला मात्र दीडशे वर्षं लागली.

या कामाची सुरुवात रणांगणावर झाली. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली आणि हजारो जखमी सैनिक जवळच्या कास्तिल्योने गावातल्या चर्चमध्ये येऊन पडले. व्यवसायाच्या कामासाठी तिकडे आलेल्या आंरी द्युनां या स्विस माणसाने गावातल्या बायकांना हाताशी धरून शत्रू-मित्र न पाहता सगळ्यांची शुश्रूषा केली. या अनुभवावर त्याने १८६२ मध्ये एक पुस्तक छापलं. त्यात त्याने सुचवलं की अशी मदत मंडळं शांततेच्या काळातच उभी राहावीत आणि त्यातली माणसं आधीच तयार असावीत. पुढच्याच वर्षी जिनिव्हात एक समिती स्थापन झाली आणि तिच्यातून रेड क्रॉस उभी राहिली. संकट आल्यावर माणसं गोळा करण्यापेक्षा ती आधी घडवावीत, हा या सगळ्या इतिहासातला पहिला मोठा विचार. तो पुन:पुन्हा विसरला गेला आणि दर वेळी पुन्हा शोधावा लागला.

युद्धासाठी निघालेली ही कल्पना नैसर्गिक आपत्तीत आणण्याचं श्रेय बऱ्याच अंशी क्लॅरा बार्टन यांचं. त्यांनी १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस स्थापन केली. ३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनच्या वर असलेलं धरण फुटलं आणि २,२०९ माणसं गेली. काही दिवसांतच बार्टन आपल्या लोकांना घेऊन तिथे पोहोचल्या. तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. पुढचे सुमारे पाच महिने त्या तिथेच राहिल्या. बेघर झालेल्यांसाठी त्यांनी लाकडी इमारती उभारल्या आणि त्यांना हॉटेल असं नाव दिलं. तिथे राहणाऱ्याला आपण कुणाच्या दयेवर जगतोय असं वाटू नये, ही त्यामागची भावना होती. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण पुढची कित्येक वर्षं इतर ठिकाणी नेमकं उलटं घडत राहिलं.

१९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर दोन लाखांहून अधिक लोक बेघर झाले. त्यांच्या बहुतेक अधिकृत छावण्या लष्कराने चालवल्या. शिस्त होती, स्वच्छता होती, पण राहणाऱ्यांना कारभारात फारसा आवाज नव्हता. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरात याची काळी बाजू उघडी पडली. रेड क्रॉसच्या छावण्यांत तीन लाखांहून अधिक लोक राहत होते आणि त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ग्रीनव्हिलसारख्या ठिकाणी त्यांना बांधावरच अडवून ठेवण्यात आलं. त्यांना चिठ्ठ्या अडकवून फिरावं लागे, बांधाच्या कामावर सक्तीने राबावं लागे आणि काम केलं तरच शिधा मिळे. गोऱ्या जमीनमालकांना आपले मजूर दुसरीकडे निघून जायला नको होते. पुढे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृष्णवर्णीय सल्लागार समितीने या वागणुकीची चौकशी केली. निवारा देणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट क्वचितच दिसलं असेल. मदत देताना जात, वंश, धर्म पाहायचा नाही आणि मदतीच्या बदल्यात काहीही मागायचं नाही, हे आज स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी सांगतात. ते सांगण्याची गरज का पडते याचं उत्तर इथे आहे.

ब्रिटनमध्ये युद्धाच्या तयारीसाठी १९३८ मध्ये लेडी रेडिंग यांनी महिलांची स्वयंसेवी संघटना उभी केली. काही वर्षांतच तिच्या सदस्या दहा लाखांच्या आसपास गेल्या. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख लोकांना, मुख्यतः शाळकरी मुलांना, शहरांतून गावांकडे हलवलं गेलं. त्यात या बायकांचा वाटा मोठा होता. मात्र ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रोज रात्री बाँब पडू लागले, तेव्हा सरकारचा एक हिशेब साफ चुकला. हल्ल्यांत माणसं प्रचंड संख्येने मरतील असं गृहीत धरून तयारी केली होती. प्रत्यक्षात त्यामानाने मेले कमी आणि बेघर झाले फार. शाळांमध्ये उघडलेली विश्रांती केंद्रं माणसं काही तासांतच निघून जातील या अंदाजाने आखली होती आणि त्यांचा कारभार गरिबांना दानधर्म देणाऱ्या जुन्या खात्याकडे होता. त्या खात्याच्या सवयीप्रमाणे खाणं बेताचं आणि अंथरूण-पांघरूण अपुरं. माणसं तिथे आठवडेच्या आठवडे अडकली.

लंडनच्या कॅनिंग टाउन भागातल्या एका शाळेत अशीच शेकडो माणसं बसची वाट पाहत थांबली होती. बस आल्याच नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे त्या शाळेवर बाँब पडला. अधिकृत आकडा ७७ मृतांचा, पण खरा आकडा त्याच्या कितीतरी पट होता असं तिथले लोक आजही मानतात. दुसरीकडे, लंडनच्याच इस्लिंग्टन भागात बीट विकणारी एक बाई अशा एका केंद्रातला गोंधळ पाहून आत शिरली आणि कुणी न सांगताच कारभार हातात घेतला. तान्ह्यांच्या दुधाची व्यवस्था लावली, आयांना झोपायला जागा काढून दिली आणि सकाळ झाल्यावर सगळ्यांकडून झाडलोट करून घेतली. अशा बायका, शिक्षक आणि धर्मोपदेशक यांनी पहिले आठवडे निभावून नेले. मग सरकारने पैसा, अन्न आणि माहिती देणारी टेबलं एका छताखाली आणायला सुरुवात केली. घर गमावलेल्या माणसाला जेवणाइतकीच माहितीचीही भूक असते. आता कुठे जायचं, कागदपत्रं कशी मिळवायची, बाकीचे कुठे आहेत. चौकशीच्या टेबलावर बसलेला आजचा स्वयंसेवक त्याच शिकवणीतून आला आहे.

युद्धानंतर अभ्यासकांनी या विषयात लक्ष घातलं. संकटात माणसं सैरभैर होऊन पळत सुटतात, ही समजूत चार्ल्स फ्रिट्झ यांच्यासारख्या संशोधकांनी खोडून काढली. १९५७ मध्ये त्यांनी आणि जे. एच. मॅथ्यूसन यांनी दाखवलं की खरा प्रश्न उलटा असतो. माणसं, निरोप आणि सामान, तिन्ही गोष्टी आपत्तीच्या जागी एकदम लोटतात, रस्ते तुंबतात आणि नेमकी हवी ती मदत मागे अडकते. स्वयंसेवकाला दारात थांबवण्यामागचं पहिलं शास्त्रीय कारण हे आहे.

वस्तूंच्या लोंढ्याचा अनुभव आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर आला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. त्यातले पुष्कळ तिथल्या लोकांच्या उपयोगाचे नव्हते आणि दुसऱ्याने टाकलेलं घालायला स्वाभिमानी कोळी कुटुंबं तयार नव्हती. ते ढीग उचलण्यातच यंत्रणेचे हात गुंतले. नागपट्टिनमला शेकडो संस्था एकाच वेळी उतरल्या, तेव्हा जिल्हा प्रशासनाच्या जोडीने एक समन्वय केंद्र चालवावं लागलं. कोणत्या गावात कोण काय करतंय याची नोंद तिथे होऊ लागली आणि मग कामाला दिशा आली.

बंगालच्या उपसागराची कहाणी वेगळी आहे आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सर्वात आशादायक. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर १९७२ मध्ये बांगलादेशात रेड क्रॉसने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. यातले स्वयंसेवक बाहेरून आलेले नव्हते. गावातलीच माणसं भोंगा, झेंडे आणि रेडिओ घेऊन दारोदार जात आणि लोकांना निवाऱ्यात नेत. तरीही एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं दगावली आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. कारणं शोधल्यावर कळलं की अनोळखी पुरुषांच्या गर्दीत, आडोसा नसलेल्या, स्वतंत्र शौचालय नसलेल्या इमारतीत जायला बायका धजावत नव्हत्या, आणि घरातला पुरुष परत येईपर्यंत घर सोडता येत नव्हतं. इशारा पोहोचला होता, निवारा मात्र त्यांचा झाला नव्हता. त्यानंतर महिला स्वयंसेवकांची भरती वाढत गेली. आज तिथल्या सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या महिला आहेत. ओडिशातही १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक मेल्यावर हाच मार्ग धरला गेला. २०१३ मध्ये फायलीन चक्रीवादळ आलं, तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली.

१९९४ मध्ये रवांडातून पळालेले लाखो निर्वासित शेजारच्या झैरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमा शहराजवळच्या छावण्यांत आले आणि कॉलऱ्याने हजारो मेले. संस्था कमी नव्हत्या, पण किती पाणी, किती जागा हवी याचं सर्वमान्य मोजमाप नव्हतं. मदत संस्थांनी मिळून १९९७ मध्ये सुरू केलेल्या स्फिअर प्रकल्पाने ते दिलं. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, झाकलेली साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक शौचालय. भारतात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने मदत छावण्यांतला निवारा, अन्न, पाणी, उपचार आणि स्वच्छता यांची किमान पातळी ठरवण्याची जबाबदारी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर टाकली आणि विधवा व अनाथ यांच्यासाठी वेगळी तरतूद करायला सांगितलं. त्यामुळे निवारा केंद्रातली सोय हा कायद्याने दिलेला आधार झाला. वाढणाऱ्याने वाटेल तेवढं वाढायचं ताट ते राहिलं नाही.

अमेरिकेतल्या २००५ च्या कतरिना वादळाने दोन गोष्टी शिकवल्या. घाईत वेगवेगळ्या बसमध्ये चढवलेली कुटुंबं वेगवेगळ्या राज्यांत पोहोचली आणि पाच हजारांहून अधिक मुलांची हरवल्याची किंवा ताटातूट झाल्याची नोंद झाली. शेवटच्या मुलापर्यंत पत्ता लागायला मार्च २००६ उजाडला. केंद्राच्या दारातली ती कंटाळवाणी नोंदवही आणि मुलांच्या खोलीवरचा पहारा यांची किंमत तेव्हा कळली. दुसरं म्हणजे पाळीव जनावरं. त्यांना सोबत घेता येत नाही म्हणून कितीतरी लोकांनी घर सोडलंच नाही. २००६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार झाला पाहिजे.

स्वयंसेवकाचं काम सर्वात बारकाईने घासूनपुसून घेतलं ते जपानने. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे हादरलं, ६,४३४ माणसं गेली आणि तीन लाखांहून अधिक लोक शाळा-सभागृहांत आले. वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तिथे पोहोचले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याआधी असं काम कधी केलेलं नव्हतं. उत्साह अफाट होता आणि गोंधळही तेवढाच. याच लाटेतून १९९८ चा स्वयंसेवी संस्थांचा कायदा आला आणि आपत्तीनंतर स्थानिक समाजकल्याण परिषदांनी स्वयंसेवक केंद्र उघडायचं, ही पद्धत रुजली.

कोबेतच एक साधं काम सुरू झालं. बादलीभर कोमट पाण्यात म्हाताऱ्या माणसाचे पाय ठेवायचे, समोर बसून त्याचे हात हलकेच चोळायचे. दहा-पंधरा मिनिटं. प्रश्न विचारायचे नाहीत. पाय ऊबदार झाले की माणूस आपणहून बोलू लागतो. रात्री झोप येत नाही, गुडघा दुखतो, नवऱ्याच्या आठवणी येतात. हे बोलणं नंतर नाव न लिहिता कार्डावर उतरवायचं आणि त्यातून कुणाला काय हवंय ते ओळखायचं. जपानमधल्या २०११ च्या त्सुनामीनंतरही हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचंही सांगणं तेच आहे. पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, आणि काय घडलं ते सांगायला कुणावर जबरदस्ती करू नका. त्याआधी प्रत्येकाला प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत चांगलीच रूढ होती. तिने फायदा होत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असं पुढे अभ्यासांत दिसलं.

कोबेने एक जखमही दिली. तात्पुरती घरं वाटताना म्हाताऱ्यांना प्राधान्य मिळालं आणि सोडत काढली गेली. त्यामुळे शेजार तुटला, आणि एकटे राहणारे कितीतरी जण कुणाला न कळता मरण पावले. २००४ मध्ये निगाताच्या भूकंपानंतर म्हणून गावंच्या गावं एकत्र हलवली गेली. तरी निवाऱ्यातलं मरण थांबलं नाही. २०१६ च्या कुमामोटो भूकंपात थेट मृत्यू पन्नास झाले, आणि नंतर थंडी, दमणूक, गाडीत झोपल्याने होणाऱ्या रक्ताच्या गाठी, अपुरं पाणी पिणं अशा कारणांनी त्याच्या चौपट माणसं गेली. शौचालय घाणेरडं असलं की म्हातारी माणसं पाणी पिणं टाळतात. म्हणून शौचालय घासणाऱ्या स्वयंसेवकाचं काम मी सर्वात वरच्या दर्जाचं मानतो.

१ जानेवारी २०२४ रोजी नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला. रस्ते तुटलेले असल्याने स्थानिक सरकारने लोकांना स्वतःहून मदतीला न येण्याची विनंती केली. कोबेच्या गर्दीची आठवण ठेवून घेतलेला हा निर्णय होता. पण म्हाताऱ्या वस्तीच्या त्या भागात हात कमी पडले, केंद्रांतली परिस्थिती लवकर सुधारली नाही, आणि वर्षअखेरीस आपत्तीनंतरच्या हालांमुळे झालेले मृत्यू थेट मृत्यूंपेक्षा अधिक झाले. अडवणूक जास्तच कडक झाली का, यावर जपानमध्ये बराच वाद झाला. २०२५ मध्ये तिथे कायदा बदलून अनुभवी मदत संस्थांची आधीच सरकारदरबारी नोंदणी करायची तरतूद केली गेली, म्हणजे रस्ता खुला होताच कुणाला आत सोडायचं हे ठरलेलं असेल. कुठल्याच संस्थेत नसलेला, नुसताच मदत करावीशी वाटणारा माणूस या व्यवस्थेत कुठे बसतो, याचं उत्तर मात्र अजून कुठल्याच देशाला नीट सापडलेलं नाही.