"स्वतःच्या शब्दात लिहा" म्हणजे सारांश की पॅराफ्रेज?

कॉलेजच्या असाइनमेंटवर हे वाक्य हमखास असतं, "खालील मजकूर स्वतःच्या शब्दात लिहा". मग वर्गातली काही पोरं अख्खा उतारा आखडून चार ओळीत बसवतात, काही तेवढाच लांब उतारा शब्द इकडेतिकडे करून परत लिहून काढतात, आणि सगळ्यांनाच वाटतं की मॅडमनी मागितलं तेच आपण दिलंय. मार्क कमी पडले की मग "मी तर सगळं माझ्या शब्दात लिहिलं होतं" हे आहेच. पहिल्यांनी केला तो सारांश, म्हणजे समरी. दुसऱ्यांना करायचं होतं ते पॅराफ्रेज. दोन्हीत शब्द आपले असतात आणि विचार दुसऱ्याचा असतो, म्हणून गोंधळ होतो, पण कामं पूर्ण वेगळी आहेत.

बहुतेक ठिकाणी फरक असा सांगतात की सारांश छोटा आणि पॅराफ्रेज मूळाएवढा. चूक नाही, पण ह्याचा लिहिताना काडीचा उपयोग होत नाही, कारण लांबी हा परिणाम आहे. खरा प्रश्न असा की टाकायची परवानगी आहे का. सारांश म्हणजे दोन दिवस गावाला जाताना भरलेली बॅग, काय घ्यायचं काय ठेवायचं हे तुम्ही ठरवता आणि त्यातच तुमची अक्कल दिसते. पॅराफ्रेज म्हणजे घर बदलणं, मांडणी नवीन पण सामान सगळं पोचलं पाहिजे, एक चमचाही मागे राहता कामा नये.

एक उतारा घेऊ म्हणजे नीट दिसेल. मी पुस्तकी भाषेत मुद्दाम लिहिलाय:

"बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर बेसॉल्ट खडकावर उल्का आदळल्यामुळे निर्माण झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी दिसू लागले, तेव्हा अनेक तर्क लढवले गेले. पाण्याची पातळी घटल्याने क्षारांचे प्रमाण वाढले व त्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला, असे पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला."

ह्याचा सारांश: "लोणारच्या खाऱ्या सरोवराचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं, आणि पातळी घटून क्षार वाढल्यामुळे फोफावलेले सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं."

जिल्हा गेला, व्यास गेला, तर्क गेले, रामसर गेलं. इथे कुणीतरी हात वर करणार, की रामसर यादी म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी, नांदूर मध्यमेश्वरनंतर राज्यातलं हे दुसरंच ठिकाण, एवढी मोठी गोष्ट गाळली कशी? बरोबर शंका आहे, आणि उत्तर असं की विषय काय दिलाय त्यावर ठरतं. मायक्रोबायॉलॉजीच्या असाइनमेंटमध्ये हा उतारा आला तर गुलाबी रंगाचं कारण हाच गाभा आणि रामसर बाहेर. पण पर्यावरण अभ्यासाच्या पेपरात "पाणथळ जागांचं संरक्षण" ह्या प्रकरणाखाली आला तर उलटं, रामसर आधी येईल आणि हॅलोआर्कियाचं नावसुद्धा नाही आलं तरी बिघडत नाही. म्हणजे एकाच उताऱ्याचे दोन बरोबर सारांश असू शकतात. गाईडमधला छापील सारांश पाठ करून फायदा होत नाही तो ह्याचमुळे, तो कुणीतरी कुठल्यातरी दुसऱ्याच प्रश्नासाठी केलेला असतो. पॅराफ्रेजचं असं नाही, विषय मायक्रोबायॉलॉजी असो की पर्यावरण, वाक्यात जे आहे ते सगळं यायलाच हवं.

आता पॅराफ्रेज. तो शक्यतो अख्ख्या उताऱ्याचा करूच नये, आपल्याला लागणाऱ्या एखाद्या अवघड वाक्याचा करावा. उताऱ्यातलं चौथं वाक्य घ्या. बहुतेक जण हे असं लिहितात: "जलपातळी कमी झाल्याने क्षारांचे प्रमाण वाढले व त्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजंतूंमुळे रंग पालटला, असे पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या पाहणीत दिसून आले." दिसायला ठीक, पण मूळ वाक्य शेजारी ठेवून बघा, सांगाडा जसाच्या तसा आहे, फक्त पाच-सहा शब्दांना दुसरे कपडे घातलेत. अमेरिकेतल्या लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापक रेबेका मूर हॉवर्ड ह्यांनी १९९० च्या दशकात ह्याला पॅचरायटिंग असं नाव दिलं, म्हणजे ठिगळं लावून लिहिणं. त्यांचं म्हणणं मला पटतं की मुलं हे दरवेळी चोरी म्हणून करत नाहीत, मजकूर पुरता कळलेला नसतो म्हणून शब्दांना चिकटून राहतात. हातातलं वाक्य सोडलं तर दुसरं काही हाताशीच नसतं ना.

कळल्यावर तेच वाक्य असं येतं: "लोणारचं पाणी आटलं तसं उरलेल्या पाण्यातलं क्षारांचं प्रमाण चढलं. अशा पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव असतात, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासल्यावर कळलं की तो बदललेला रंग त्यांच्यामुळेच होता." एका वाक्याची दोन झाली, क्रम बदलला, संस्था मध्ये आली. लांबी थोडी वाढली, चालतं. पॅराफ्रेज मूळापेक्षा लांब झाला तर घाबरायचं कारण नाही, नवीन माहिती घुसली नाही ना एवढं बघा.

आणि सगळे शब्द बदलायचेत असंही नाही! हॅलोआर्किया, रामसर, १.८ किलोमीटर, संस्थेचं नाव हे जसंच्या तसं राहणार. काही हुशार पोरं वेगळं दिसावं म्हणून "हॅलोआर्किया" खोडून "बॅक्टेरिया" लिहितात आणि तिथेच फसतात, कारण आर्किया आणि बॅक्टेरिया हे जीवसृष्टीचे दोन वेगळे गट आहेत. म्हणजे शब्द आपला झाला पण माहिती खोटी झाली. वरच्या "पाहणी"चंही तेच, प्रयोगशाळेतली तपासणी वेगळी आणि जाऊन बघून येणं वेगळं.

दुसरी गडबड ह्याच्या उलट होते, पॅराफ्रेज करता करता नकळत सारांश होतो. पोलिटिकल सायन्सवाल्यांनी संविधानातलं कलम २१क बघावं, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेलं. त्यात चार गोष्टी आहेत, देणारं कोण तर राज्य, कुणाला तर ६ ते १४ वयाच्या सगळ्या मुलांना, काय तर मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि कसं तर राज्य कायदा करून ठरवेल त्या रीतीने. पोरं लिहितात "सरकारने सर्व मुलांना मोफत शिक्षण द्यावं". वाचायला छान, पण वय गेलं, सक्ती गेली, आणि ती शेवटची "कायद्याने ठरेल तसं" ही अट गेली जिच्यावर सगळं अवलंबून होतं, कारण तो कायदा २००९ मध्ये झाला आणि कलमासकट लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सारांश म्हणून हे वाक्य एकवेळ चालेल. पॅराफ्रेज म्हणून नापास. अटी, अपवाद, "बहुधा", "फक्त", "सुमारे" असले बारके शब्द पॅराफ्रेजमध्ये सगळ्यात आधी सांडतात.

मराठी मीडियममधून येऊन एकदम इंग्रजी पुस्तकं हातात पडलेल्यांना हे जास्त जड जातं, आणि त्यावर एक साधा उपाय आहे जो मी पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला सांगतो. इंग्रजी वाक्य वाचा, पुस्तक बंद करा, शेजारच्याला मराठीत सांगा, अगदी "अरे म्हणजे काय तर..." अशी सुरुवात करून, आणि मग ते मराठी डोक्यात ठेवून इंग्रजीत लिहा. मधे मराठीचा थांबा आला की मूळ इंग्रजी वाक्यरचना आपोआप गळून पडते. ग्रामर चुकेल, चुकू दे, ते नंतर दुरुस्त होतं. आणि मराठीत सांगतानाच अडखळलात तर समजा की वाक्य कळलेलं नाही, लिहायला बसूच नका, परत वाचा. हां, पण इंग्रजीतलं मराठीत आणलं म्हणजे ते आपलं झालं असं अजिबात नाही, कुणाचं आहे ते लिहावंच लागतं. हे सारांशालाही लागू आणि पॅराफ्रेजलाही, दोन्हीला अवतरणचिन्हं नसतात म्हणून लोकांना वाटतं संदर्भाची गरज नाही, ते साफ चूक आहे.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम थीसिस-डिझर्टेशनच्या स्टेजला गेल्यावर एकदम अंगावर येतात. दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे ४० पर्यंत असेल तर दुरुस्त करून परत द्यायचं, कमाल मुदत ६ महिने, ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर त्या कोर्सचं रजिस्ट्रेशनच रद्द. हे आकडे कळले की पोरं पॅराफ्रेज करणाऱ्या टूलमध्ये मजकूर टाकून टक्का खाली आणतात. टूल काय करतं तर पुष्कळदा वर दाखवलेलं तेच ठिगळकाम, जरा सफाईदार. टक्का उतरतो पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, "हे वाक्य समजावून सांगा" म्हटलं की तोंड उघडत नाही.

सरावाचं म्हणाल तर दोन्हीचा सराव वेगवेगळा करावा. सारांशासाठी प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलने तीन-चार शब्द लिहायचे, हा परिच्छेद काय सांगतोय आणि कशासाठी (उदाहरण आहे, कारण आहे, की नुसतं वळण आहे), मग पुस्तक मिटून फक्त त्या शब्दांवरून लिहायचं. हायलायटरने अर्धं पान पिवळं करणं ह्याला सराव म्हणत नाहीत, तिथे तुम्ही काहीच टाकलेलं नसतं. पॅराफ्रेजसाठी एकच वाक्य घ्यायचं, झाकायचं, लिहायचं, मग उघडून दोनदा ताडायचं, एकदा काही सांडलं का ते बघायला आणि एकदा सलग चार-पाच शब्द तसेच आलेत का ते बघायला. माझ्या मते आधी पॅराफ्रेज शिकावा, सारांश नंतर. उलट क्रमाने शिकवतात पुष्कळ ठिकाणी, सोपं वाटतं म्हणून, पण वाक्य कळल्याशिवाय त्यातलं बिनमहत्त्वाचं कुठलं हे कसं ठरवणार?

परीक्षेत मात्र प्रश्न नीट वाचा, कारण प्रत्येक ठिकाणची रीत निराळी. बारावीला इंग्रजीच्या समरीला शीर्षक द्यायची सवय लागलेली असते. यूपीएससी मेन्सच्या सक्तीच्या भारतीय भाषेच्या पेपरात, आपल्याकडचे बरेच जण मराठी घेतात, साठ मार्कांचं सारांशलेखन येतं, तिथे मूळाच्या एक तृतीयांश लांबी सांगितलेली असते आणि शीर्षक देऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ३०० मार्कांचा हा पेपर फक्त पास व्हायचा असतो, मार्क मेरिटमध्ये धरत नाहीत, पण नापास झालात तर बाकीच्या पेपरांचे मार्क धरलेच जात नाहीत. कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये दोन्ही एकाच परिच्छेदात लागतात, अख्ख्या लेखाचं म्हणणं दोन ओळीत सारांशाने सांगायचं आणि ज्या एका मुद्द्याशी तुम्हाला वाद घालायचाय तो पूर्ण पॅराफ्रेज करून मांडायचा, लेखकाच्या सगळ्या अटींसकट, आणि मग आपलं म्हणणं नवीन वाक्यापासून सुरू करायचं म्हणजे तपासणाऱ्याला कळतं की लेखक कुठे संपला आणि तुम्ही कुठे सुरू झालात.