विंचवावरचा उतारा

मराठीत विंचू नुसता चावत नाही, तो चढतो. चढला की उतरवावा लागतो, आणि उतरवणारा कुणीतरी गावात असायचाच. कुणी मंत्र पुटपुटत कडुनिंबाच्या डहाळीनं अंग झाडायचा, कुणी आघाड्याचं मूळ उगाळून लावायचा. गंमत अशी की बहुतेक वेळा विंचू खरोखरच उतरायचा. रात्रभर तळमळलेला माणूस सकाळी शेतावर जायचा आणि उतरवणाऱ्याचं नाव आणखी दोन गावांत पोचायचं.

ही गंमत लक्षात ठेवायला हवी, कारण विंचूदंशाच्या उपचारांचा गेल्या शंभर वर्षांचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. हा वाद आज आठवायचं निमित्त गुवाहाटीचं आहे. तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी इन सायन्स अँड टेक्नॉलॉजी’मधले आशिषकुमार मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली भारतीय लाल विंचवाच्या विषावर तीन औषधांचं एक मिश्रण मांडलं: विंचवाच्या विषावरची लस (म्हणजे विष निकामी करणारं प्रतिविष) थोड्या मात्रेत, रक्तदाबावरचं एक जुनं औषध आणि क जीवनसत्त्व. यातलं मधलं औषध, प्राझोसिन, विंचवावर चालतं हे जगाला कळलं ते महाडहून.

आधी विंचवाबद्दल थोडं. आपल्याकडे घाबरवणारा विंचू म्हणजे काळीकुट्ट, जाडजूड नांग्यांची इंगळी. तिचा दंश आग आग करतो, पण त्यानं जीव जाणं विरळा. जीवघेणा असतो तो लाल विंचू, तांबूस-तपकिरी, बोटाएवढा, फिकट पायांचा. दिसायला इतका साधा की लहान मूल सहज हात घालील. फॅब्रिशियसनं १७९८ साली त्याचं शास्त्रीय नामकरण केलं. पुढे १९०० साली पोकॉकनं कोकणातल्या विंचवाचा वेगळा प्रकार नोंदवून त्याला कोकणाचंच नाव दिलं. डॉक्टरी लिखाणात लाल विंचू ‘मेसोबुथस टॅम्युलस’ म्हणून ओळखला जातो. प्राणिशास्त्रज्ञांनी मधल्या काळात त्याला ‘हॉटेंटोटा’ या वंशात हलवलं आहे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा, म्हणून वंश बदलला तरी त्याला फरक पडत नाही.

जांभा दगडाच्या भेगा, कौलं, लाकडांची रास, पेंढ्याच्या उडव्या ही त्याची घरं. दंश बहुधा रात्री होतो, अनवाणी पायाला किंवा अंधारात चाचपडणाऱ्या हाताला. उन्हाळ्याच्या अखेरीला, शेताच्या कामांची तयारी सुरू झाली की असे रोगी वाढतात. पावसानंतर कापणीच्या सुमारास पुन्हा. म्हणजे दंश कुणाला होतो हे वेगळं सांगायला नको: शेतकऱ्याला, मजुराला आणि त्यांच्या पोरांना.

विंचवाच्या विषात असतात ती छोटी छोटी प्रथिनं. मज्जातंतूच्या आवरणात सोडियम आत घेणारी दारं असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात, तेवढ्यात संदेश पुढे जातो. विष ही दारं मिटू देत नाही. मग मज्जातंतू संदेश पाठवतच राहतो. आपल्या इच्छेशिवाय चालणारी सगळी यंत्रणा, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथी, एकाच वेळी पिसाटते. दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, तोंडातून लाळ गळते, पुरुषाच्या लिंगाला इच्छेविना ताठरता येते. एकनाथांच्या भारुडातही विंचू चावल्यावर अंगाला घामच सुटतो; रूपक कामक्रोधाचं, पण लक्षण अगदी बरोबर आहे.

पुढचा टप्पा जीवावरचा. ॲड्रेनलिन आणि त्याच्या भावंडांचा शरीरात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, आणि मग फुप्फुसांत पाणी भरतं. रोग्याला आडवं होता येत नाही, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. कोकणातून डॉ. पी. एम. मुंडले यांनी फुप्फुसात असं पाणी भरण्याबद्दल १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला लिहिलं होतं. त्याच दशकात इस्रायलमधल्या बिरशेबाच्या रुग्णालयात गेरॉन आणि सहकारी तिथल्या पिवळ्या विंचवाच्या रोग्यांचे हृदयालेख काढत होते. विंचवाचा मार हृदयावर असतो, हे त्यांनी कागदावर आणलं.

मार कुठे बसतो हे कळलं, तरी करायचं काय याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ॲट्रोपिन दिलं जाई, स्टेरॉइड दिलं जाई, झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचं मिश्रण टोचलं जाई. यातलं बरंचसं निरुपयोगी होतं, काही तर अपाय करणारं. ॲट्रोपिननं घाम आणि लाळ थांबते, बघणाऱ्याला बरं वाटतं, पण आधीच उधळलेलं हृदय आणखी उधळतं. परळच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले के. राधाकृष्ण मूर्ती यांनी इन्सुलिन आणि ग्लुकोजचा मार्ग बरीच वर्षं लावून धरला. त्यामागचा विचार पक्का होता, कारण या वादळात इन्सुलिनचं स्रवणं दबतं आणि हृदयाच्या स्नायूला इंधन पोचत नाही. पण ठिबक लावून, रक्तातली साखर तपासत इन्सुलिन देणं आडगावात कुणाला जमणार होतं?

याच काळात, १९७६ साली, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिम्मतराव बावस्कर नागपूरहून एमबीबीएस होऊन महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. केंद्रात विंचूदंशाचे रोगी यायचे आणि त्यातले काही डोळ्यांदेखत जायचे. पुस्तकात याबद्दल जेमतेम मजकूर. बावस्करांनी मग जे हाताशी होतं ते केलं. ते रोग्यापाशी बसून राहिले आणि लिहून ठेवत गेले. घाम किती, उलट्या कधी, नाडी कशी, हातपाय केव्हा गार पडले, केव्हा गरम झाले.

मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो नेहमी पुरस्कारांच्या बातम्यांखाली दबतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे यंत्रं नसतात, पण रोगी पहिल्या तासात त्याच्याकडे येतो. मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला तो पहिला तास कधी बघायलाच मिळत नाही. कोणत्या रोग्याचं हृदय पुढे कोलमडणार, हे आधीच ओळखू येणाऱ्या खुणा बावस्करांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. उलटी, भरपूर घाम, लाळ, लिंगाची ताठरता, गार हातपाय. या सगळ्या खुणा डोळ्यांनी आणि हातांनी कळणाऱ्या होत्या.

इथेच उतरवणाऱ्याच्या यशाचंही कोडं सुटतं. ज्याला फक्त दंशाच्या जागी असह्य कळा येतात, पण घाम नाही, उलटी नाही, त्याचा जीव सहसा धोक्यात नसतो. तो ओरडतो जास्त, आणि बरा आपोआप होतो. असे रोगीच संख्येनं अधिक. ज्याला वेदना फारशी नाही पण जो घामानं निथळतोय, तो गप्प पडून असतो आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याची भीती असते.

मधल्या काळात बावस्कर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एमडी झाले आणि पुन्हा महाडलाच आले. रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवायचा, ही दिशा आता स्पष्ट होती. सुरुवातीला त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं गेलं. औषध जबर, पण शिरेतून थेंब थेंब सोडावं लागतं, उजेडापासून झाकावं लागतं आणि मिनिटामिनिटाला रक्तदाब मोजत शेजारी बसावं लागतं. एका रोग्यापायी एक डॉक्टर रात्रभर अडकणार.

प्राझोसिन ही साधी गोळी होती. फायझर कंपनीनं सत्तरच्या दशकात ती रक्तदाबासाठी आणली होती. ॲड्रेनलिनचा संदेश रक्तवाहिनीला ज्या ‘अल्फा’ ग्राहींमधून मिळतो, ते ग्राही ती अडवते. म्हणजे विष शरीरात असलं तरी वाहिन्या आवळण्याचा हुकूम पोचत नाही. शिवाय इन्सुलिनवरचा दाबही हटतो. किलोमागे साधारण ३० मायक्रोग्रॅम, तोंडानं, हातपाय गरम होईपर्यंत काही तासांच्या अंतरानं. बावस्करांनी हा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच छापला. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या लेखनात त्यांच्या सहलेखिका होत्या, पुढेही राहिल्या.

रक्तदाब घसरलेल्या रोग्याला रक्तदाब उतरवणारी गोळी द्यायची, हे ऐकून तेव्हाचे डॉक्टर बिचकले असतील तर त्यात नवल नाही. पण त्या टप्प्यावर रक्तदाब घसरतो तो थकलेल्या हृदयामुळे, आणि त्याचा भार हलका केला की तो सावरतो. (हे डॉक्टरनं ठरवायचं काम आहे, घरातल्या आजोबांची गोळी काढून देण्याचं नव्हे. पहिल्या मात्रेनंतर उठून उभा राहिलेला माणूस घेरी येऊन पडू शकतो.) प्राझोसिनच्या आधी गंभीर दंशात शंभरातले तीसेक रोगी दगावत, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, म्हणजे ‘लॅन्सेट’मधल्या त्या नोंदीनंतर ३६ वर्षांनी.

आता लसीकडे वळू. विषाविरुद्ध लस हा विचार जुना आहे. सापाच्या विषावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार झाली होती, विंचवाच्या विषावर चार्ल्स टॉड यांनी इजिप्तमधल्या विंचवांवरून १९०९ साली ती तयार केली. घोड्याला विष थोडं थोडं टोचायचं आणि त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं काढून घ्यायची, हीच रीत. भारतात लाल विंचवासाठी परळच्या हाफकिन संस्थेनं ती बनवली. पण प्राझोसिनच्या यशानंतर प्रश्न उभा राहिला की वादळ गोळीनं शमत असेल, तर विषामागे धावायचं कशाला? बावस्करांनी स्वतःच १९९१ मध्ये, लसीची खरंच गरज आहे का, असं लेखाच्या शीर्षकातच विचारलं होतं.

आठ वर्षांनी ट्युनिशियातून मोठा आवाज आला. अब्रूग आणि सहकाऱ्यांनी ८२५ रोग्यांवर चाचणी केली. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसतं पाणीवजा औषध. दोन्हींत फरक पडला नाही. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे आलं आणि लसीची बाजू लंगडी पडली. मात्र त्या ८२५ जणांमध्ये सौम्य दंशाचे रोगी पुष्कळ होते. जे आपोआप बरे होणारच आहेत त्यांना लस दिली काय आणि मंत्र म्हटला काय, निकाल सारखाच येणार. उतरवणाऱ्याला ज्यानं मोठं केलं, त्याच आकड्यानं लसीला छोटं केलं.

गंभीर रोगीच निवडले तर काय होतं, ते दहा वर्षांनी ॲरिझोनात दिसलं. तिथल्या विंचवानं दंश केलेल्या, मज्जासंस्थेवर परिणाम झालेल्या अवघ्या १५ मुलांवर चाचणी झाली. लस मिळालेली आठच्या आठ मुलं चार तासांत सावरली, न मिळालेल्या सातांपैकी एकच. इतकी छोटी चाचणी, पण फरक एवढा ढळढळीत की शंका घ्यायला जागा उरली नाही. अमेरिकेत ही लस २०११ साली मंजूर झाली.

कोकणातही डॉ. व्ही. एस. नातू आणि सहकाऱ्यांनी गंभीर रोग्यांमध्ये लस प्राझोसिनहून सरस ठरते, असं २०१० मध्ये दाखवलं. दुसऱ्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडची चाचणी आली, आणि ती करणारे होते बावस्कर दांपत्यच. ७० रोगी, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले नुसत्या गोळीवर २२.९ टक्के, दोन्ही मिळाल्यावर ९१.४ टक्के. कुणाला काय दिलं हे डॉक्टरांना ठाऊक होतं, हा त्या चाचणीचा कच्चा दुवा. तरीही आपण ज्या गोळीमुळे ओळखले जातो, ती एकटी पुरेशी नाही हे आपणच मोजून छापायचं, ही गोष्ट वैद्यकात वाटते तितकी सोपी नाही.

तेव्हापासून प्रश्न ‘गोळी की लस’ असा राहिला नाही. आता भांडण लसीच्या दर्जाचं आहे. तेजपूर विद्यापीठातून मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लाल विंचवाच्या विषाची चिरफाड करून दाखवलं, की बाजारातली लस विषातल्या अगदी लहान आकाराच्या प्रथिनांना नीट ओळखतच नाही. आणि घात करतात ती हीच प्रथिनं, सोडियम-पोटॅशियमच्या दारांशी खेळणारी. घोड्याच्या शरीराला इतक्या छोट्या रेणूविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवायला जड जातं. त्यामुळे लसीची मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा वाढली की घोड्याच्या प्रथिनांची ॲलर्जी उठण्याचा धोकाही वाढतो.

या विषाला दुसरंही एक आयुष्य आहे. लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं प्रथिन वेगळं काढलं गेलं. ते पेशीतल्या एकाच जातीचं पोटॅशियमचं दार बंद करतं, इतरांना हात लावत नाही. रक्तवाहिन्या कशा सैलावतात हे अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांना असं नेमकं कुलूप हवंच होतं. पेंढ्याच्या उडवीतला आपला विंचू त्या वाटेनं जगभरच्या शीतकपाटांत जाऊन बसला आहे.

२०२३ चं मिश्रण गोळी आणि लस या दोन्ही वाटांच्या मधलं आहे. लस कमी, म्हणजे ॲलर्जी कमी. उरलेलं वादळ प्राझोसिननं अडवायचं. क जीवनसत्त्व पेशींची जळजळ आवरायला. त्या शोधनिबंधात ते तपासलं गेलं एका सूक्ष्म कृमीवर आणि उंदरांवर, आणि दोन्हीकडे मिश्रण नुसत्या लसीपेक्षा किंवा नुसत्या गोळीपेक्षा उजवं ठरलं. जगात दर वर्षी सुमारे १२ लाख लोकांना विंचू चावतो आणि ३,००० हून अधिक जण त्यानं जातात, असा २००८ सालचा अंदाज आहे. महाडच्या आसपास अजूनही रोगी रात्रीच येतो, आणि त्याला तपासणारा पहिला हात अजूनही त्याच्या पायांचे तळवे गार आहेत का, तेच बघतो.