फाइली एकीकडे, नावं दुसरीकडे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना ती भडकली आणि ९६ यंत्रणा जळाल्या. बहुतेकांचा बॅकअप होता, 'जी-ड्राइव्ह'चा नव्हता. ही गूगलची सेवा नव्हे. सरकारी कर्मचाऱ्यांना कामाच्या फाइली ठेवण्यासाठी माणशी ३० जीबी जागा देणारी ती सरकारचीच यंत्रणा होती. त्यातले ८५८ टेराबाइट गेले. साठवण अवाढव्य आणि वेग कमी, म्हणून बाहेर प्रत ठेवता आली नाही, असा खुलासा झाला.

यावर 'त्यापेक्षा कागद बरे' म्हणणाऱ्यांनी २१ जून २०१२ची मंत्रालयाची आग आठवावी. आणि 'आमचं सगळं क्लाउडवर आहे' म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की जी-ड्राइव्हही क्लाउडच होता.

पण मला सांगायचंय ते आगीबद्दल नाही. आपण फाइल 'अपलोड' करतो तेव्हा ती जाते कुठे?

अल्फ्रेस्को नावाची दस्तऐवज सांभाळणारी प्रणाली घेऊ. पडद्यावर दिसतं: 'निविदा', त्यात 'रस्ते', त्यात 'अंतिम मसुदा'. सर्व्हरच्या डिस्कवर यातलं काहीही सापडत नाही. तिथे 'कंटेंटस्टोअर' नावाचं फोल्डर असतं. त्याच्या आत २०२५, त्यात ९, त्यात २६, मग तास, मग मिनिट, आणि सगळ्यात आत छत्तीस अक्षरांचं अगम्य नाव असलेली '.बिन' फाइल. तिचं खरं नाव, फोल्डर, मालक, कोणाला उघडता येईल, कितवी आवृत्ती, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. देवळाबाहेरच्या चपला ठेवण्याच्या जागेसारखंच: चपला फळीवर, नंबर वहीत. वही हरवली तर फळीवर नुसता ढीग.

म्हणजे बॅकअप दोन गोष्टींचा घ्यायचा. पण यंत्रणा चालू असताना दोन्हींची प्रत एकाच क्षणी निघत नाही. मग आधी कोणाची घ्यायची?

समजा, आधी फाइलींची घेतली. रात्री २ला सुरू झाली, ५ला संपली, मग डेटाबेसची. साडेतीनला कोणीतरी नवा मसुदा चढवला आणि तो फाइलींच्या प्रतीतून सुटला. डेटाबेसच्या प्रतीत मात्र त्याची नोंद आहे. उद्या सगळं परत उभं केलं तर मसुद्याचं नाव दिसेल, क्लिक केलं की त्रुटी. आता उलट करा. २ला डेटाबेस, मग फाइली. साडेतीनच्या मसुद्याची फाइल प्रतीत आली तरी तिची नोंद नाही. ती अनाथ फाइल थोडी जागा खाईल, एवढंच. तो मसुदा गेला हे खरं, पण प्रतीतल्या प्रत्येक नोंदीमागे फाइल हजर असेल.

हे जमतं ते दोन सवयींमुळे, आणि यांवर माझा फार जीव आहे. पहिली: अल्फ्रेस्को लिहिलेल्या फाइलीवर पुन्हा कधी लिहीत नाही. मसुद्यात स्वल्पविराम बदलला तरी नवी '.बिन' फाइल तयार होते, जुनी तशीच राहते. दुसरी: कचरापेटीतूनही काढून टाकलेल्या दस्तऐवजाची फाइल लगेच पुसली जात नाही. ती अनाथ ठरते, एरवीच्या मांडणीत चौदा दिवस जागेवर राहते आणि मग 'हटवलेल्या'च्या वेगळ्या फोल्डरात जाते. त्यामुळे २ला नोंदलेली फाइल ५पर्यंत पायाखालून निसटत नाही. शोधासाठीची सूची ही तिसरी गोष्ट. तिची प्रत डेटाबेसच्याही आधी घ्यायची, कारण मागे पडलेली सूची डेटाबेस वाचून पुढे येते, पण डेटाबेसच्या पुढे गेलेली सूची नसलेल्या नोंदी दाखवते.

'आमच्याकडे रेड आहे' हे उत्तर इथे चालत नाही. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण. एक डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठी ते असतं. चुकून पुसलेली फाइल ते सगळ्या डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसतं. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार जरूर घाला, पण त्याच दिवशी कालच्या प्रतीतून एखादी फाइल परत काढून उघडून बघा.

कारण प्रत निघाली असं वाटणं आणि ती निघालेली असणं यात अंतर असतं. ३१ जानेवारी २०१७ला, प्रोग्रॅमरांचं काम साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसला. तिथे संगणक-प्रोग्रॅमच्या फाइली वेगळ्या जागी होत्या, त्या वाचल्या. नोंदी गेल्या. रोजचा बॅकअप शोधला तर साठवणीची जागा रिकामी: बॅकअप घेणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे ते निमूटपणे अपयशी ठरत होतं आणि तसं कळवणाऱ्या ईमेल परस्पर नाकारल्या जात होत्या. कामी आली ती सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने भलत्याच कामासाठी काढलेली प्रत.