झीरो सापडलं म्हणून डाव सुचला? नाही!

‘आयएल-२ १९४६’सारख्या विमान-सिम्युलेटर गेममध्ये वाइल्डकॅट हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान घेऊन जपानी लढाऊ विमान झीरोशी भिडणाऱ्यांना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: अलास्कातल्या अकुतान बेटावर जपानी झीरो जवळजवळ धडधाकट सापडलं, अमेरिकनांनी ते उडवून पाहिलं आणि त्यातूनच ‘थॅच वीव्ह’ हा हवाई लढाईतला डाव जन्मला.

तारखाच जुळत नाहीत. ते झीरो कोसळलं ४ जून १९४२ रोजी, दुरुस्त होऊन उडालं सप्टेंबरमध्ये. अमेरिकन नौदलाचे वैमानिक जॉन थॅच यांनी मात्र हा डाव १९४१ मध्येच, घरच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून रचला होता. लढाईत तो पहिल्यांदा वापरला पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ, आणि तोही त्याच ४ जूनला!

अकुतानचं विमान निरुपयोगी ठरलं असं नव्हे. वेग वाढला की झीरोचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होतात आणि नाक झटक्यात खाली दाबलं की इंजिन अडखळतं, हे त्याच्या चाचण्यांत नेमकं कळलं. एकटे सापडलात तर सूर मारून निसटायला हीच माहिती कामाची.

डाव मात्र दोघांचा. वळणाच्या व्यासाइतकं अंतर ठेवून समांतर उडायचं. एकाच्या शेपटीला झीरो लागलं की दोघांनी एकमेकांकडे वळायचं. पाठलाग करणारा आपसूक जोडीदाराच्या मशीनगनांसमोर येतो. सिममध्ये बहुतेक जोड्या अगदी चिकटून उडतात, मग वळायला जागाच उरत नाही. आणि झीरोमागे गोल गोल फिरायचा मोह? वेग गेला की वाइल्डकॅट संपलंच.