शिट्टी (घरगुती इलेक्ट्रेट माइकची)

माइकने टिपलेला आवाज ॲम्प्लिफायरमधून स्पीकरवर जातो, तिथून हवेतून पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि दर फेरीला वाढत एकाच सुरावर अडकतो. बोलण्यात याला माइकने शिट्टी मारणे म्हणतात. पुस्तकी नाव ध्वनीचा पुनःप्रदाय (फीडबॅक). डॅनिश भौतिकविज्ञ सोरेन लार्सन यांच्यावरून त्याला लार्सन परिणाम असेही नाव आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या गावांत हरिपाठाला किंवा पारायणाला कुणीतरी हौशी पोरगा घरी जोडलेला माइक घेऊन येतो, आणि पहिल्या अभंगाआधी शिट्टीच ऐकू येते.

इलेक्ट्रेट माइक १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी विकसित केला. दुकानात 'कंडेन्सर माइक' म्हणून मिळणारी, दोन पायांची छोटी डबी ती हीच. तिच्यातल्या पडद्यापाशी कायमचा विद्युतभार साठवलेला असतो आणि आत क्षीण संकेत पुढे पाठवण्याजोगा करणारा एक एफईटी ट्रान्झिस्टर असतो. त्याला रोधातून (रेझिस्टरमधून) थोडा विद्युतप्रवाह द्यावा लागतो. साधी डबी चहूबाजूंचा आवाज सारख्याच उत्साहाने टिपते. शिट्टीचे निम्मे मूळ इथेच आहे.

फेरीत आवाज जेवढा वाढतो त्याहून कमी झिजला आणि लहरी एकमेकींना जुळून आल्या, की शिट्टी सुरू होते. स्पीकर १ मीटरवर असेल तर आवाजाला पोहोचायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे जुळू शकणारे सूर साधारण ३४० हर्ट्झच्या अंतराने येतात, आणि ज्या सुराला स्पीकर व खोली जास्त साथ देतात तो जिंकतो. पत्र्याचे छप्पर आणि शहाबादी फरशी असलेल्या देवळात अशी साथ भरपूर मिळते. सतरंज्या अंथरून माणसे बसली की शिट्टीचा जोर थोडा उतरतो. म्हणून रिकाम्या देवळातल्या चाचणीवरून घाबरू नये.

दुरुस्तीआधी एक परीक्षा करावी. स्पीकर काढून हेडफोन लावावा. शिट्टी थांबली तर दोष हवेच्या वाटेचा. तरीही चालू राहिली, किंवा शेतातल्या डिझेल पंपासारखी भकभक येऊ लागली, तर दोष सर्किटमध्ये. ही परीक्षा न करता सुटे भाग बदलत बसणारेच जास्त भेटतात.

सर्किटमधला नेहमीचा दोषी म्हणजे माइक आणि ॲम्प्लिफायर या दोघांत वाटलेला वीजपुरवठा. स्पीकरने ओढलेल्या प्रवाहाने ९ व्होल्टच्या बॅटरीचा दाब हलतो, आणि तोच हेलकावा रोधातून माइकपर्यंत जातो. उपाय स्वस्त आहे: माइकच्या रोधाआधी १ किलो-ओहमचा आणखी एक रोध घालावा आणि दोन्ही रोधांच्या सांध्यापासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. ॲम्प्लिफायरसाठी एलएम३८६ ही छोटी चिप (आयसी) असेल तर सहाव्या पायाजवळ २२० मायक्रोफॅरड किंवा मोठा, सातव्या पायाला १० मायक्रोफॅरड, आणि आउटपुटवर १० ओहम व ०.०५ मायक्रोफॅरडची जोडी ग्राउंडला द्यावी. माइकची वायर शिल्डेड, म्हणजे भोवती जाळीचे आवरण असलेली, घ्यावी. या आयसीची वाढ मुळात २० पट असते. पहिल्या व आठव्या पायांमधला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ती २०० पट करतो. सर्किटच्या नकाशात दिसतो म्हणून तो लावतात. आधी तोच काढावा.

हवेच्या वाटेवर मात्र सुट्या भागांपेक्षा जागा कामाला येते. कर्णा गाणाऱ्याच्या मागे न ठेवता पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा. तोंड माइकपासून ३० सेंटीमीटरवर असेल तर ते साडेसातवर आणावे: आवाज १२ डेसिबल जास्त मिळतो आणि व्हॉल्यूम तेवढाच खाली घेता येतो. टाळ वाजवणाऱ्यालाही त्याच माइकवर ऐकवायचा हट्ट असेल, तर हे जमत नाही.

एकदिश डबीला, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज टिपणाऱ्या डबीला, मागेही भोके असतात. ती एम-सीलने बुजवली किंवा शिट्टी आली म्हणून माइक मुठीत झाकला, तर तिचे एकदिशपण जाते आणि शिट्टी वाढते. स्पीकरच्या वायरी उलट जोडायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने शिट्टी सहसा जात नाही. काळी दोनमध्ये चाललेली काळी चारमध्ये जाते, एवढेच.