स्थलांतरित कामगारांची सामाजिक सुरक्षा: देशादेशांतील समन्वयाची पार्श्वभूमी

आधुनिक सामाजिक विमा जन्मला तोच राष्ट्राच्या चौकटीत. जर्मनीत चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कच्या काळात १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली कामावरील अपघाताचा आणि १८८९ साली वार्धक्य व अपंगत्वाचा विमा सुरू झाला, आणि पुढील काही दशकांत युरोपातील इतर देशांनी आपापल्या पद्धतीने तोच मार्ग धरला. या सर्व कायद्यांमागे एक गृहीतक होते, ते असे की कामगार जिथे राबतो तिथेच तो म्हातारा होईल आणि त्याचे कुटुंबही तिथेच राहील. प्रत्यक्षात मात्र त्याच काळात लाखो माणसे खाणी, रेल्वे आणि बांधकामांवरील मजुरीसाठी सीमा ओलांडत होती, आणि त्यांच्या बाबतीत हे गृहीतक अन्यायाचे कारण ठरले.

फ्रान्सचा १८९८ सालचा औद्योगिक अपघातविषयक कायदा याचे ठळक उदाहरण आहे. जखमी झालेला परदेशी कामगार फ्रान्स सोडून गेला, तर त्याचे वार्षिक निर्वाहवेतन बंद होई आणि तीन वर्षांच्या रकमेइतकी एकरकमी भरपाई देऊन त्याला मोकळे केले जाई. कामगार मरण पावला आणि अपघाताच्या वेळी त्याची बायकामुले फ्रान्सबाहेर राहत असली, तर त्यांना काहीच मिळत नसे. धोका तोच, काम तेच. फरक होता तो केवळ कुटुंबाच्या वास्तव्याचा.

ही कोंडी पहिल्यांदा फोडली ती फ्रान्स आणि इटली यांच्यातील १५ एप्रिल १९०४ च्या कराराने. कामगारांना आपली बचत एका देशातून दुसऱ्या देशात विनाखर्च हलवता यावी आणि अपघाताच्या भरपाईत दोन्ही देशांच्या नागरिकांना समान वागणूक मिळावी, असे त्यात ठरले. त्या बदल्यात इटलीने आपल्याकडे कामगार निरीक्षणाची व्यवस्था उभारण्याचे आणि स्त्री कामगारांचे कामाचे तास टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे मान्य केले. करारामागे सद्भावना होती, पण ती रोखठोक देवाणघेवाणही होती, आणि हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे. या क्षेत्रातील प्रगती पुढेही बहुधा अशाच ठिकाणी झाली, जिथे माणसे पाठवणाऱ्या देशाच्या हाती वाटाघाटीसाठी काहीतरी होते.

१९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने हा प्रश्न दोन देशांच्या सौद्यातून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. अपघाताच्या भरपाईत समान वागणूक देण्याविषयीचा तिचा १९२५ सालचा करार कालांतराने शंभराहून अधिक देशांनी स्वीकारला. स्थलांतरितांचे निवृत्तिवेतनाचे हक्क टिकवण्यासंबंधीचा १९३५ सालचा करार मात्र मोजक्याच देशांनी मान्य केला. अपघात ही एका दिवसाची, एका ठिकाणची घटना असते आणि तिची जबाबदारी कोणावर हे सांगता येते. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र तीस-चाळीस वर्षांत थोडा थोडा साचतो, आणि ही वर्षे चार देशांत विभागली असतील, तर कोणाचा वाटा किती हे ठरवण्यासाठी त्या चारही देशांच्या कचेऱ्यांना एकमेकांच्या नोंदींवर विश्वास ठेवावा लागतो.

समन्वयाचे खरे तंत्र या वाट्याच्या हिशेबात आहे. समजा, एका कामगाराने पहिल्या देशात ८ वर्षे आणि दुसऱ्या देशात २२ वर्षे वर्गणी भरली, आणि पहिल्या देशाच्या कायद्यानुसार निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षे आवश्यक आहेत. करार नसेल तर पहिल्या देशातील ८ वर्षे वाया जातात. करार असेल तर दोन्हीकडील कालावधींची बेरीज करून त्याची पात्रता ३० वर्षांच्या आधारे तपासली जाते. मग ती सारी ३० वर्षे आपल्याकडेच भरली असती तर किती वेतन दिले असते हे पहिला देश काढतो आणि त्याचा ८/३० हिस्सा स्वतः देतो. यात कोणत्याही देशाला आपला निवृत्तीचा वयोनियम किंवा वेतनाचा दर बदलावा लागत नाही. समन्वय राजकीयदृष्ट्या शक्य झाला तो मुख्यतः यामुळेच, कारण सर्व देशांचे कायदे एकसारखे करण्याचा आग्रह धरला असता, तर तो आजही कागदावरच राहिला असता.

हे तंत्र सर्वाधिक विकसित झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात. १९४६ साली इटली आणि बेल्जियम यांच्यात करार झाला, ज्यानुसार इटलीने खाणींसाठी माणसे दिली आणि बेल्जियमने कोळसा दिला. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील खाणीत आग लागून २६२ जण मृत्युमुखी पडले, त्यांपैकी १३६ इटालियन होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५७ मध्ये, युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाच्या सहा देशांनी रोम येथे स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा करार केला. त्याला सहा संसदांची मंजुरी मिळवत बसण्याऐवजी नव्या युरोपीय आर्थिक समुदायाने (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाने) त्याचेच रूपांतर थेट लागू होणाऱ्या नियमात केले, आणि १ जानेवारी १९५९ पासून तो अमलात आला. सामायिक बाजारपेठेची उभारणी नुकतीच सुरू झालेली असताना कामगारांच्या विम्याचे नियम लागू झाले, याचे श्रेय इटलीच्या चिकाटीला मोठ्या प्रमाणावर द्यायला हवे.

१९७१ च्या नियमाने ही व्यवस्था विस्तारली, १९८० च्या दशकात स्वयंरोजगार करणारे तीत आले, २००३ साली युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या बिगरयुरोपीय नागरिकांनाही ती लागू झाली, आणि २००४ साली मंजूर झालेला सुधारित नियम १ मे २०१० पासून अमलात आला. तरीही वाद संपले नाहीत. मुले दुसऱ्या देशात राहत असतील तर कुटुंबभत्ता तिथल्या दराने देण्याची फ्रान्ससाठी ठेवलेली सवलत युरोपीय न्यायालयाने १९८६ साली एका इटालियन कामगाराच्या खटल्यात रद्द ठरवली. तोच विचार ऑस्ट्रियाने २०१९ पासून नव्या रूपात अमलात आणला आणि २०२२ साली न्यायालयाने तोही फेटाळला. समान वर्गणी भरणाऱ्याला समान लाभ, हे तत्त्व छत्तीस वर्षांनी पुन्हा सांगावे लागले.

युरोपीय संघाच्या चौकटीबाहेर चित्र विस्कळीत आहे. पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानातून कामगारभरती सुरू केली आणि सामाजिक सुरक्षेचा करार १९६४ साली केला; पण १९८३ च्या कायद्याने मायदेशी परतणाऱ्यांना निवृत्तिवेतनाची वर्गणी लगेच परत देऊ केली, तेव्हा ती फक्त कामगाराचा हिस्सा होती, आणि ती घेताच मालकाने भरलेल्या हिश्शासह साराच हक्क संपत असे. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन अनेक देशांत राहणाऱ्या निवृत्तांसाठी वाढीविना गोठलेले राहते. याच कारणावरून ऑस्ट्रेलियाने २००१ साली ब्रिटनशी असलेला सामाजिक सुरक्षा करार संपुष्टात आणला. अमेरिकेचा असा पहिला करार इटलीशी झाला आणि तो १९७८ साली अमलात आला. भारताने असा पहिला करार २००६ साली बेल्जियमशी केला, पण अमेरिकेशी तो झालेला नाही. तिथे निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि कुशल परदेशी कामगारांसाठीच्या एच-१बी व्हिसाची नेहमीची मुदत सहा वर्षांची आहे.

सर्वांत मोठी पोकळी आखाती देशांत आहे. तिथल्या निवृत्तिवेतन योजना मूलतः स्वतःच्या नागरिकांसाठी आखलेल्या आहेत, आणि परदेशी कामगाराच्या वाट्याला बहुतांश ठिकाणी नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम येते, जी देण्याची जबाबदारी मालकावर असते. बेरीज करण्यासारखा विमाकालच तयार होत नसल्यामुळे समन्वयाचे तंत्र तिथे लागूच पडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० सालच्या स्थलांतरित कामगार करारातील २७ वे कलम सामाजिक सुरक्षेत समान वागणूक मागते, आणि लाभ देणे कायद्याने शक्य नसेल तर भरलेल्या वर्गणीच्या परताव्याचा विचार करण्यास सांगते. हा करार २००३ साली अमलात आला. पण युरोपीय संघाचा एकही सदस्य देश, अमेरिका किंवा आखाती सहकार्य परिषदेचा एकही देश त्यात सामील झालेला नाही.