कोकणातील घरगुती श्वानपैदास

एक-दोन कुत्र्या घरातच सांभाळून, त्यांची वेते ठरवून घेऊन आणि पिल्ले स्वतः वाढवून पारखलेल्या घरी देण्याच्या पद्धतीला घरगुती श्वानपैदास म्हणतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर पिल्लांना दोन प्रकारची मागणी असते. आंबा-काजूच्या बागेला आणि वाडीबाहेरच्या एकट्या घराला राखणीचा कुत्रा लागतो. दुसरी मागणी हौसेची, ती बरीचशी मुंबईकडून आलेली: लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड आणि ‘पॉम’ म्हणून विकला जाणारा पांढरा केसाळ कुत्रा. हा पॉम बहुतेक वेळा पोमेरेनियन नसून इंडियन स्पिट्झ असतो. त्यात वाईट काही नाही, उलट उष्ण हवेत तो अधिक टिकतो. फक्त त्याला पोमेरेनियनचा भाव देऊ नये.

जबाबदार पैदास करणाऱ्याची ओळख साधी आहे. आपले प्रत्येक पिल्लू कुठे गेले हे त्याला माहीत असते, आणि ते कोणत्याही वयात परत घ्यायची त्याची तयारी असते. तपासण्या, क्ष-किरण, लशी, आईचा वाढीव आहार आणि वेळ पडली तर सिझेरियन एवढे धरल्यावर एका वेतामागे फारसे काही उरत नाही. ज्याला नेमाने घसघशीत उरते, त्याने यातले काहीतरी गाळलेले असते.

कायदा

विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला, मग ती माजघरात का होईना, प्राणी क्रूरता प्रतिबंधक (श्वान पैदास व विपणन) नियम, २०१७ लागू होतात. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कुत्री १८ महिन्यांची होण्याआधी तिचे वेत घेता येत नाही आणि ८ वर्षांनंतरही नाही. बारा महिन्यांत एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकणे नियमबाह्य आहे, आणि विकताना त्याला मायक्रोचिप व वयाप्रमाणे लशी झालेल्या असाव्या लागतात. आठवडा बाजारात टोपलीत मांडलेली चार आठवड्यांची पिल्ले यांपैकी एकाही अटीत बसत नाहीत.

वेताचा हंगाम

कोकणात निम्मे यश वेळ साधण्यात आहे. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते (पाच ते आठ महिने असा फरक पडतो) आणि गाभणकाळ सरासरी ६३ दिवसांचा असतो. वर्षाकाठी मिळणाऱ्या दोन माजांपैकी कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा, हा निर्णय पावसाकडे बघून घ्यावा लागतो.

सप्टेंबरच्या मध्यावर जोडी लावली तर पिल्ले नोव्हेंबरच्या मध्यावर होतात, जानेवारीच्या मध्यावर नव्या घरी जातात आणि सोळा आठवड्यांपर्यंत चालणारे लसीकरण मार्चमध्ये पुरे होते. पावसाला अजून अडीच महिने असतात. याउलट मार्चच्या मध्यावर झालेली पिल्ले मे महिन्यात, म्हणजे चाकरमानी गावी असताना, हातात येतात. गिऱ्हाईक भरपूर असते. पण त्यांचे लसीकरण जुलैपर्यंत लांबते. एप्रिलमध्ये झालेल्या पिल्लांची गत याहून वाईट. मे सरायच्या आत ती खपवायची म्हणून पाच-सहा आठवड्यांची असतानाच त्यांना आईपासून तोडतात.

पावसाळ्याची भीती मुख्यतः लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या मुतातून जंतू शेताच्या, गटाराच्या आणि परड्यातल्या साचलेल्या पाण्यात उतरतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत माणसांनाही हा रोग होतो, आणि बाधित कुत्र्यापासूनही तो माणसाला होऊ शकतो. लशीचे पहिले दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. एका डोसावर भागत नाही. शिवाय पावसात वीज जाते, कपडे वाळत नाहीत आणि अंगणात बेडूक येतात. त्यांतल्या भेकाच्या, म्हणजे खरखरीत अंगाच्या बेडकाच्या, कातडीतला स्राव विषारी असतो. पिल्लाने ते तोंडात धरले की तोंडाला फेस येतो आणि प्रसंगी झटकेही येतात.

जोडी आणि तपासण्या

मोठ्या जातींत कायद्याने १८ महिने चालत असले तरी दोन वर्षे थांबणे शहाणपणाचे, कारण खुब्याच्या सांध्याचा भरवशाचा क्ष-किरण त्या वयात काढता येतो. खुबा सदोष असलेली लॅब किंवा शेफर्ड कुत्री दिसायला उत्तम असू शकते. तिची पिल्ले दोन-तीन वर्षांची झाली की लंगडू लागतात. रंगाच्या हौसेने दोन ‘मर्ल’ (फिकट अंगावर गडद, वेडेवाकडे डाग असलेल्या) कुत्र्यांची जोडी लावू नये. सरासरी चौथा हिस्सा पिल्लांत तो गुण दोन्हीकडून येतो, आणि अशी पिल्ले बहिरी किंवा आंधळी निघण्याचा धोका मोठा असतो. बहीण-भाऊ, आई-मुलगा अशा जोड्या तर लावूच नयेत.

नर आणि मादी दोघांची ब्रुसेला कॅनिस या जंतूसाठी रक्तचाचणी करतात. त्याच्या रोगात गाभ उशिरा, बहुधा दीड महिन्यानंतर, पडतो. त्यावर खात्रीचा उपाय नाही आणि तो माणसालाही लागतो. समागमातून पसरणारी टीव्हीटी ही गाठ भटक्या कुत्र्यांत सर्रास आढळते, म्हणून जननेंद्रियांची तपासणी हवी. गोचीडतापाची (एर्लिकिया, बेबेसिया) चाचणी किनारपट्टीवर टाळूच नये. वरून ठणठणीत दिसणारी कुत्री विण्याच्या ताणाने अचानक ढासळते, आणि बेबेसिया आईकडून पिल्लांतही उतरू शकतो.

जोडी लावण्याचा नेमका दिवस प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या रक्तचाचणीने कळतो. ती सोय नसेल तर माजाच्या दहाव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान एक दिवसाआड दोनदा जोडी लावतात. त्यानंतरही माज पूर्ण उतरेपर्यंत कुत्री दाराआडच ठेवावी. एकाच वेतात दोन बापांची पिल्ले होऊ शकतात, आणि कोकणी घराचा कमरेएवढा गडगा गावातल्या कुत्र्याला एका उडीचा असतो.

गाभणकाळ

पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी सोनोग्राफीत गाभ दिसतो. पंचावन्न दिवसांनंतरच्या क्ष-किरणात पिल्ले मोजता येतात, आणि ही मोजणी फार उपयोगाची: विताना आत अजून किती आहेत हे कळते. पाच आठवड्यांपर्यंत खुराक नेहमीचाच ठेवून शेवटच्या तीन-चार आठवड्यांत तो हळूहळू सव्वा ते दीडपट करतात. घरचेच खायला घालायचे तर मासळी उकडून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय द्यावी. कांदा-लसूण घातलेले कालवण चालत नाही. त्याने तांबड्या पेशी फुटतात. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, ते शिजवल्यावरच जाते. नुसता भात आणि माशाचे पाणी यांवर गाभण कुत्री जगते, पण पिल्ले कमी वजनाची होतात.

गाभण असताना कॅल्शियमच्या गोळ्या देणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढून आणणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग व्याल्यावर दोन ते चार आठवड्यांनी, दूध ऐन भरात असताना, रक्तातले कॅल्शियम कोसळते. कुत्री धापा टाकते, अडखळत चालते, थरथरते आणि पुढे तिला झटके येतात. अशा वेळी पिल्ले बाजूला करून ताबडतोब डॉक्टर गाठावा. उपचार शिरेतून, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून करावा लागतो.

विणे

लॅबएवढ्या कुत्रीसाठी ४ × ४ फूट, दीड फूट उंचीची पेटी करतात. आतून चारही बाजूंना, जमिनीपासून आणि भिंतीपासून चार-चार इंच सोडून, दांडी बसवतात. ती नसली तर आईच्या पाठीमागे सापडलेले पिल्लू भिंतीशी चिरडते. पेटी माजघराच्या कोरड्या कोपऱ्यात, विटांवर उचलून ठेवावी. सारवलेली जमीन ओल धरते आणि निर्जंतुक करता येत नाही. गोठ्याशेजारची जागा गोचिडांमुळे बाद. पडवी उघडी असेल तर तीही नको, कारण बिबट्या कोकणात अंगणापर्यंत येतो आणि कुत्रे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे.

अठ्ठावन्नाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजतात. एरवीचे १०१-१०२ अंश फॅरनहाइट तापमान ९९च्या खाली उतरले की बहुधा २४ तासांच्या आत कुत्री विते. दोन पिल्लांत अर्धा-एक तास जाणे नेहमीचे आहे. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू आले नाही, आत पिल्ले असताना दोन तास काहीच घडले नाही किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव आला, तर वाट बघत बसू नये. सिझेरियन आणि भुलीची सोय सर्वच तालुक्यांच्या ठिकाणी नसते, म्हणून कुठे जायचे हे पन्नासाव्या दिवसाच्या आत ठरलेले हवे. उत्तर कोकणातून मुंबई, त्यात परळचे पेटिट रुग्णालय, ज्याला मुंबईकर बैलघोडा म्हणतात. रत्नागिरीहून आंबा घाटाने आणि कणकवलीहून फोंडा घाटाने कोल्हापूर. सावंतवाडीहून गोवा जवळ. पावसात घाटात दरड कोसळली की हा हिशोब कोलमडतो, हेही पावसाळी वेत टाळण्याचे एक कारण.

प्रत्येक पिल्लामागे वार पडली का ते मोजावे. आईने नाळ तोडली नाही तर पोटापासून इंचभर अंतरावर दोऱ्याने बांधून कापतात आणि पोव्हिडोन आयोडीन लावतात. पिल्लू उलटे धरून झोके देण्याची जुनी पद्धत मेंदूला इजा करते. टॉवेलने खसाखसा पुसणे पुरते.

पहिले आठ आठवडे

पहिल्या आठवड्यात पेटीत २९ ते ३२ अंश सेल्सियस ऊब लागते. बल्ब एकाच कोपऱ्यावर टांगावा, म्हणजे उकडले तर पिल्ले दूर सरकतात. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि दर दोन-तीन तासांनी बदलाव्यात. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये. त्याचे आतडे थांबलेले असते आणि दूध फुफ्फुसात जाऊ शकते. आधी हळूहळू ऊब, मग दूध. चीक पहिल्या बारा तासांत पोटात जायला हवा.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे सर्वांत कामाचा. रोज एकाच वेळी वजन करावे. पहिल्या दिवशी दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, त्यानंतर रोज वाढ हवी आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन दुप्पट व्हायला हवे. रडणे कानावर पडायच्या आधी काटा बोलतो. आईचे दूध कमी पडले तर पिल्लांचे तयार दूध आणावे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक चरबी आणि प्रथिने असतात. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्ले हगवतात आणि खंगतात.

जंताचे औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, वजनाप्रमाणे आणि आईलाही. गोठ्यातले गोचिडाचे औषध ‘थोडेसे’ म्हणून पिल्लांना लावू नये; गुरांच्या प्रमाणातले द्रावण लहान पिल्लाला जीवघेणे ठरते. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना माणसे, भांड्यांचे आवाज, मिक्सर, स्कूटर यांची सवय करतात. ही खिडकी बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच उघडी असते. मांगरात (बागेतल्या खोपटात) एकटे वाढलेले पिल्लू पुढे राखणीलाही नीट उपयोगी पडत नाही, ते घाबरून चावते. आठ आठवडे आई-भावंडांत राहिलेले पिल्लू चावा कितपत धरायचा हे त्यांच्याकडूनच शिकते.

पिल्लू घेणाऱ्याने काय पाहावे

पिल्लू आईसह, ते वाढते त्याच जागी पाहावे. बाप दुसऱ्या गावी असू शकतो, आई समोर नसण्याला मात्र सबब नाही. ‘एसटी स्टँडवर आणून देतो’ किंवा ‘आगाऊ पैसे पाठवा, गाडीत ठेवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. डोळे-नाक कोरडे, हिरड्या गुलाबी, कानाला वास नाही, बेंबीशी फुगवटा नाही, शेपटीखाली घाण नाही, हे हातात घेऊन तपासावे. बाकी अंग बारीक आणि पोट तेवढे नगाऱ्यासारखे असेल तर बहुधा जंत असतात. नरात आठ आठवड्यांपर्यंत दोन्ही अंड उतरलेले असावेत.

लशीच्या कार्डावर बाटलीवरचे स्टिकर, तारीख आणि डॉक्टरची सही-शिक्का हवा. हाताने लिहिलेले ‘पहिले इंजेक्शन झाले’ याला अर्थ नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद आईबाप कोण ते सांगतात, प्रकृतीविषयी काही नाही. मायक्रोचिप स्कॅनरने वाचून कागदावरच्या १५ अंकांशी ताडावी. ‘हेवी बोन’, ‘डबल कोट’, ‘शो क्वालिटी’ हे बाजारातले शब्द. खुब्याचा क्ष-किरण मागितला की संभाषण लवकर संपते. हस्की किंवा सेंट बर्नार्ड दमट किनाऱ्यावर वर्षभर धापा टाकत जगतो, त्याचे पिल्लू कुणी कितीही स्वस्तात देवो.

चांगला विकणारा उलट प्रश्न विचारतो: कुंपण आहे का, दिवसा घरी कोण असते, मुंबईला परत गेल्यावर कुत्र्याचे काय. शेवटचा प्रश्न खोचक वाटला तरी विचारावा लागतो, कारण फ्लॅटमध्ये झेपेना म्हणून गावी आणून सोडलेले जातिवंत कुत्रे वाड्यांत दिसतात. परतीची अट, नसबंदीचे वय आणि जन्मजात दोष निघाल्यास काय करायचे हे लेखी असावे.

घरी आणल्यावर आठ-दहा दिवस खाणे आधीचेच ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरला दाखवावे. उलटी, रक्ताचा जुलाब, मलूलपणा ही पार्व्हो या विषाणूच्या रोगाची लक्षणे. लहान पिल्लू एका दिवसात कोरडे पडते, म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. आधीचा कुत्रा पार्व्होने गेला असेल तर विषाणू अंगणातल्या मातीत अनेक महिने राहतो. फरशी आणि चिऱ्यावर एकास तीस ब्लीच चालते, मातीत त्याचा उपयोग नाही. बागेत आंब्याची कोय (ती आतड्यात अडकते), ओल्या काजूबीच्या टरफलातला तोंड भाजणारा चीक आणि उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या यांपासून पिल्लू लांब ठेवावे.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला देतात. त्याआधी पिल्लाचा दात लागून रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. पिल्लू लहान म्हणून त्याला रेबीज नसतो, ही समजूत चुकीची आहे.